सिनेमात आवाज चुकीच्या बाजूनं आला, आणि त्यातून या माणसानं जगाला स्टिरिओ दिला

इअरफोन कानात घालताना आपण एक गोष्ट नकळत तपासतो. कुठल्या बाजूवर डाव्याची खूण आहे आणि कुठल्या बाजूवर उजव्याची. गाणं सुरू होतं. तबला थोडा डावीकडे वाजतो, सतार उजवीकडे, आणि गाणारा मात्र बरोबर डोक्याच्या मध्यभागी. मध्यभागी तर कुठलाच स्पीकर नसतो, तरी आवाज तिथूनच येतोय असं वाटतं.

ज्यांना हाय-फायचं वेड असतं ते लोक या एका अनुभवासाठी लाखो रुपये खर्च करतात. स्पीकर भिंतीपासून किती इंच पुढे ठेवायचे, खुर्ची नेमकी कुठे मांडायची, सुईचं वजन किती ठेवायचं, यावर रात्र रात्र चर्चा रंगतात. जुन्या एलपीच्या ढिगात कव्हरवर मोठ्या अक्षरात स्टिरिओ छापलेली प्रत सापडली की डोळे चमकतात.

पण हे सगळं ज्या माणसाच्या डोक्यातून आलं, त्याचं नाव विचारलं तर भले भले गप्प बसतात.

त्याचं नाव अ‍ॅलन डावर ब्लमलाइन.

वयाच्या २८ व्या वर्षी त्यानं स्टिरिओचं पेटंट दाखल केलं. ३८ व्या वर्षी तो एका विमान अपघातात गेला. आणि त्याचा स्टिरिओ लोकांच्या घरात पोचायला त्यानंतर आणखी सोळा वर्षं लागली. आपण शोधलेली गोष्ट कुणी दुकानातून विकत घेऊन घरी ऐकतंय, हे त्यानं कधीच पाहिलं नाही.

दारावरची घंटा आणि सात वर्षांचा इंजिनिअर

ब्लमलाइनचा जन्म २९ जून १९०३ ला लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील सेमी ब्लमलाइन मूळचे जर्मन, पण ब्रिटिश नागरिकत्व घेतलेले. आई जेसी ही दक्षिण आफ्रिकेत काम केलेल्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी.

पोरगं लहानपणापासून विजेच्या नादी लागलेलं. घरात एक किस्सा कायम सांगितला जायचा. अ‍ॅलन सात वर्षांचा असताना दारावरची घंटा बिघडली. त्यानं ती दुरुस्त केली आणि वडिलांच्या हातात रीतसर बिल ठेवलं. खाली सही होती, इलेक्ट्रिकल इंजिनिअर अशा हुद्द्यासकट.

गंमत म्हणजे याच मुलाला वाचायचा मात्र कंटाळा. त्याच्या बहिणीच्या सांगण्यानुसार बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं. पुढे कुणी हा विषय काढला, तर त्याचं म्हणणं असायचं की वाचता येत नसलं तरी वर्गसमीकरणं मात्र भरपूर येत होती.

हायगेट स्कूलमधून बाहेर पडल्यावर त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात दाखल झाला. हे कॉलेज इंपीरियल कॉलेजचा भाग. त्यानं थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आणि पहिल्या वर्गात पदवी घेऊन बाहेर पडला.

१९२४ मध्ये त्याला नोकरी लागली ती टेलिफोनच्या धंद्यात. इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी, जी पुढे स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या नावानं ओळखली गेली. त्या काळी लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांमध्ये एक कटकट असायची. एका जोडीवरचं बोलणं शेजारच्या जोडीवर ऐकू यायचं. हा गोंधळ कमी करण्यासाठी ब्लमलाइननं नवीन कॉइल तयार केल्या.

वरवर पाहता याचा संगीताशी काही संबंध नाही. पण दोन आवाज एकमेकांत मिसळू न देता एकाच वाटेनं कसे न्यायचे, हा प्रश्न त्याच्या डोक्यात इथूनच शिरला असावा असं म्हणायला जागा आहे. पुढे त्यानं नेमकं तेच केलं, फक्त तारेऐवजी रेकॉर्डच्या खाचेत.

प्रत्येक रेकॉर्डमागे जाणारे पैसे

१९२९ मध्ये ब्लमलाइननं नोकरी बदलली आणि तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला. इथे त्याचा साहेब होता आयझॅक शोएनबर्ग, रशियन साम्राज्यातून इंग्लंडला आलेला एक हुशार इंजिनिअर.

कंपनीसमोर तेव्हा एक ताजी डोकेदुखी होती. १९२५ च्या आधी रेकॉर्डिंग म्हणजे गायकानं एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, आणि त्या आवाजाच्या दाबानं सुई हलून मेणावर खाच पडायची. १९२५ मध्ये विजेवर चालणारं रेकॉर्डिंग आलं. माइक, अ‍ॅम्प्लिफायर आणि विजेवर हलणारी कटिंग सुई. आवाजाचा दर्जा एकदम सुधारला.

पण हे तंत्र अमेरिकेच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकचं होतं. ते वापरायचं तर विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डमागे त्यांना पैसे मोजावे लागत. रेकॉर्ड जितक्या जास्त खपतील तितकं देणं वाढत जाणार.

ब्लमलाइनला पहिलं काम मिळालं ते हेच. असं यंत्र बनव की ज्यात त्यांचं एकही पेटंट वापरावं लागणार नाही.

अमेरिकन यंत्रात कटिंग सुईची नको असलेली थरथर थांबवायला रबराचा आधार घेतलेला होता. ब्लमलाइननं ती वाटच सोडली. त्यानं चुंबकीय क्षेत्रात हलणारी कॉइल वापरली आणि थरथर थांबवायचं काम विजेवरच सोपवलं. त्याचा सहकारी हर्बर्ट होलमन याच्यासोबत त्यानं हे यंत्र उभं केलं. त्यातून निघणाऱ्या रेकॉर्ड जुन्या तंत्रापेक्षा चांगल्या वाजत आणि देणंही वाचत होतं.

१९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र आल्या आणि ईएमआय ही नवी कंपनी जन्माला आली. ग्रामोफोन कंपनी म्हणजे कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेली एचएमव्ही. नाट्यसंगीताच्या रेकॉर्डमुळे मराठी घरांनाही हे चित्र चांगलं ओळखीचं. लंडनजवळच्या हेज गावी ईएमआयची प्रयोगशाळा होती. ब्लमलाइन आता तिथला माणूस झाला.

सिनेमा बघता बघता

१९३१ सालची गोष्ट. बोलपट नवीन होते. ब्लमलाइन एका संध्याकाळी डोरीन लेन हिच्यासोबत सिनेमाला गेला होता. डोरीन ही शिक्षिका. दोघांची ओळख आदल्या वर्षी झालेली, आणि १९३३ मध्ये त्यांचं लग्न झालं.

पडद्यावर नट एका टोकाला उभा होता, पण त्याचा आवाज येत होता भलतीकडून. कारण सगळा आवाज एकाच ठिकाणच्या स्पीकरमधून येत असे. नट चालत डावीकडून उजवीकडे गेला तरी त्याचा आवाज जागचा हलत नव्हता. बाकीच्या प्रेक्षकांना यात काही खटकलं नाही. ब्लमलाइनला मात्र राहवलं नाही. आवाज माणसाच्या मागोमाग पडद्यावर फिरेल अशी युक्ती आपल्याला सापडली आहे, असं त्यानं डोरीनला सांगितलं.

तरुणपणी सिनेमाहून परतताना लोक बरंच काही बोलतात. पण हा माणूस त्याच वर्षी, १४ डिसेंबर १९३१ ला, पेटंटचा अर्ज घेऊन हजर झाला.

१९३३ मध्ये मंजूर झालेलं ते ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५. त्यात एकूण ७० दावे होते. स्टिरिओ हा शब्द तेव्हा रूढ नव्हता, त्यामुळे ब्लमलाइन आपल्या पद्धतीला बायनॉरल म्हणजे दोन कानांची म्हणायचा. आजच्या हाय-फायच्या दुनियेतल्या बहुतेक मूळ कल्पना या एका कागदपत्रात सापडतात.

युक्ती नेमकी काय होती?

डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी खोलीत कुठेही टाळी वाजवायला सांगा. तुम्ही बोट करून अचूक दिशा दाखवाल. हे कसं होतं?

टाळी डावीकडे वाजली तर आवाज डाव्या कानात आधी पोचतो आणि उजव्या कानात किंचित उशिरा. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. शिवाय मध्ये डोकं येतं, म्हणून उजव्या कानाला आवाज थोडा कमी ऐकू येतो. जाड आवाजांसाठी मेंदू प्रामुख्यानं वेळेतला फरक पकडतो, बारीक आवाजांसाठी जोरातला फरक. दोन्हींचा हिशोब करून तो दिशा ठरवतो.

मग सोपा उपाय असा वाटतो की दोन माइक दोन कानांसारखे ठेवायचे आणि दोन स्पीकरवर वाजवायचं. हेडफोन असेल तर हे चालतं. पण स्पीकर असतील तर एक अडचण येते. डाव्या स्पीकरचा आवाज फक्त डाव्या कानात जात नाही, तो उजव्या कानातही जातो. उजव्याचंही तेच. म्हणजे दोन्ही कान दोन्ही स्पीकर ऐकतात आणि सगळी खिचडी होते.

ब्लमलाइनचं मोठेपण इथे आहे. त्यानं गणित मांडून दाखवलं की ही खिचडीच आपल्या कामाला लावता येते. दोन स्पीकरमधून तोच आवाज फक्त कमी-जास्त जोरानं सोडला, तर दोन्ही आवाज कानांपाशी एकमेकांत मिसळतात. आणि त्या मिसळण्यातूनच जाड आवाजांसाठी दोन कानांमध्ये वेळेतला फरक आपोआप तयार होतो. मेंदू फसतो आणि आवाज दोन स्पीकरच्या मधल्या मोकळ्या जागेतून येतोय असं मानतो.

दोन्ही स्पीकर सारख्या जोरात वाजले तर आवाज बरोबर मध्ये. डावा थोडा जोरात वाजला तर आवाज डावीकडे सरकतो. इअरफोनमध्ये किंवा दोन स्पीकरच्या मध्ये जो गायक उभा असल्यासारखा वाटतो, तो या हिशोबातून तयार होतो.

स्पीकर आणि खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा असं जे हाय-फायवाले सांगतात, त्याचंही कारण हेच. तुम्ही एका स्पीकरच्या जवळ सरकलात की त्या बाजूचा आवाज आधी आणि जोरात पोचतो, हिशोब बिघडतो आणि मधला गायक जाऊन त्या स्पीकरमध्ये बसतो.

हे रेकॉर्ड करण्यासाठी त्यानं माइकची एक खास जोडी सुचवली. दोन माइक जवळजवळ एकाच ठिकाणी, पण एकमेकांशी ९० अंशांचा कोन करून. एकाचं तोंड डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. दोन्ही एकाच जागी असल्यानं वेळेत फरक पडत नाही, फक्त जोरात पडतो. जगभरातले रेकॉर्डिंग इंजिनिअर आजही या मांडणीला ब्लमलाइन पेअर म्हणतात.

एका खाचेत दोन गाणी

आता दुसरा प्रश्न. दोन आवाज रेकॉर्डवर ठेवायचे कुठे?

दोन वेगळ्या खाचा कोरल्या तर दोन सुया लागणार, आणि त्या एकाच वेळी अचूक चालायला हव्यात. घरगुती वापरात हे शक्य नव्हतं. दुसरा मार्ग म्हणजे एका खाचेत एक आवाज सुईला आडवा हलवेल आणि दुसरा वर-खाली. पण आडव्या आणि उभ्या हालचालीचा दर्जा सारखा येत नाही. म्हणजे एक स्पीकर गोड वाजणार आणि दुसरा खरखरीत.

ब्लमलाइननं खाचेकडे नीट पाहिलं. रेकॉर्डची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. तिला दोन भिंती असतात, दोन्ही ४५ अंशांत कललेल्या. मग डाव्या आवाजाला एक भिंत आणि उजव्या आवाजाला दुसरी भिंत द्यायची. सुई एकच, पण दोन्ही भिंती तिला आपापल्या दिशेनं ढकलणार. दोन्ही बाजूंना सारखा न्याय.

यात आणखी एक सोय दडलेली होती. दोन्ही बाजूंना सारखा असणारा आवाज सुईला सरळ आडवा हलवतो, अगदी साध्या रेकॉर्डसारखा. दोन बाजूंमधला फरक तेवढा वर-खाली हालचालीत जातो. म्हणजे जुन्या पद्धतीशी नातं न तोडता नवी पद्धत आणता येणार होती.

आज टर्नटेबलवर ठेवलेली कुठलीही स्टिरिओ एलपी भिंगाखाली धरा. तिच्या खाचेत हीच मांडणी दिसते.

अ‍ॅबे रोड, जानेवारी १९३४

कागदावरची कल्पना आता वाजवून बघायची होती. १९३३ च्या अखेरीस ब्लमलाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन आवाजांच्या पहिल्या चाचणी रेकॉर्ड कोरल्या. त्यात संगीत कमी आणि इंजिनिअरच जास्त. माणसं बोलत बोलत इकडून तिकडे चालायची आणि रेकॉर्ड वाजवताना आवाजही तसाच चालतोय का ते बघायचं.

जानेवारी १९३४ मध्ये ही यंत्रणा लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत आली. पुढे बीटल्समुळे जगप्रसिद्ध झालेला हा स्टुडिओ तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. तिथे सर थॉमस बीचम लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासोबत मोझार्टची ज्युपिटर सिम्फनी वाजवत होते. ब्लमलाइननं ती दोन आवाजांत टिपली. व्हायोलिन एका बाजूला, जाड तंतुवाद्यं दुसऱ्या बाजूला, असा अख्खा वाद्यवृंद दोन स्पीकरच्या मध्ये बसलेला.

१९३५ मध्ये सिनेमाची पाळी आली. त्यांनी छोटे छोटे चाचणीपट बनवले. एकात माणसं रंगमंचावर बोलत फिरतात आणि आवाज त्यांच्यासोबत फिरतो. दुसऱ्यात हेज स्टेशनवरून जाणाऱ्या आगगाड्या आहेत. गाडी पडद्यावर ज्या बाजूनं येते, तिचा खडखडाटही त्याच बाजूनं येतो. चार वर्षांपूर्वी डोरीनला सांगितलेली गोष्ट त्यानं करून दाखवली होती. हे फिल्मचे तुकडे आजही जतन केलेले आहेत.

म्हणजे १९३५ मध्ये सगळं तयार होतं. माइक होते, कटिंग यंत्र होतं, रेकॉर्ड होती, फिल्म होती.

मग स्टिरिओ बाजारात का आला नाही?

चांगली वस्तू, चुकीची वेळ

पहिलं कारण पैसा. जगभर मंदी होती. लोक एक रेकॉर्ड घेताना दहादा विचार करत होते. अशा वेळी त्यांना दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घ्या असं सांगणार कोण?

दुसरं कारण रेकॉर्ड. त्या काळची रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि लाखेपासून बनायची. ही लाख मोठ्या प्रमाणावर भारतातूनच जायची. अशा रेकॉर्डची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपायची आणि सुईची खरखर कायम सोबत असायची. दोन आवाजांतले नाजूक फरक त्या खरखरीत हरवायचे. स्टिरिओला शांत, गुळगुळीत रेकॉर्ड हवी होती. ती म्हणजे विनायलची एलपी, आणि ती यायला १९४८ साल उजाडावं लागलं.

तिसरं कारण खुद्द कंपनी. ईएमआयला १९३५ मध्ये स्टिरिओपेक्षा मोठी गोष्ट दिसत होती. ती म्हणजे टीव्ही.

अमेरिकेतही बेल लॅबोरेटरीज याच सुमारास दोन आवाजांच्या रेकॉर्डिंगचे प्रयोग करत होती. म्हणजे ही कल्पना फक्त एकाच माणसाला सुचली असं नाही. पण माइकपासून खाचेपर्यंतची सगळी साखळी एका पेटंटमध्ये इतक्या आधी बांधून ठेवणारा ब्लमलाइनच.

टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर आणि १२८ पेटंटं

स्टिरिओचं काम बाजूला पडलं म्हणून ब्लमलाइन रुसून बसला नाही. शोएनबर्गच्या टोळीसोबत तो टीव्हीच्या कामाला लागला. २ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीनं लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित टीव्ही प्रसारण सुरू केलं. तेव्हा दोन पद्धतींची शर्यत होती. एक जॉन लोगी बेअर्डची २४० ओळींची, दुसरी मार्कोनी-ईएमआयची ४०५ ओळींची. १९३७ च्या सुरुवातीलाच बेअर्डची पद्धत बाद झाली. ४०५ ओळींची पद्धत ब्रिटनमध्ये १९८५ पर्यंत चालू होती. तिच्या मंडलांमध्ये ब्लमलाइनचा मोठा हात होता.

मे १९३७ मध्ये राजा सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मिरवणूक टीव्हीवर दाखवायची होती. हाइड पार्क कॉर्नरपासून अलेक्झांड्रा पॅलेसपर्यंत केबलमधून चित्र न्यायचं. टेलिफोनच्या तारांवर हात बसलेला ब्लमलाइन या कामातही उपयोगी पडला.

याच वर्षांत त्यानं आणखी दोन गोष्टी केल्या, ज्यांचं नाव हाय-फायवाले आदरानं घेतात. एक म्हणजे लाँग टेल्ड पेअर. दोन व्हॉल्व्ह जोडून फक्त दोन आवाजांमधला फरक मोठा करणारं मंडल. आजच्या बहुतेक ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरच्या पहिल्या पायरीवर याच कल्पनेचं ट्रान्झिस्टरमधलं रूप असतं. दुसरी म्हणजे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची अशी जोडणी, जी पुढे १९५१ मध्ये अमेरिकेत अल्ट्रालिनिअर या नावानं गाजली. तिचं मूळ ब्लमलाइनच्या १९३७ च्या पेटंटमध्ये आहे. व्हॉल्व्हच्या गोड आवाजावर जीव टाकणारे अनेक जण नकळत त्याचंच मंडल ऐकत असतात.

एकूण पेटंटं १२८. त्याची सगळी नोकरी अठरा वर्षांची. सरासरी काढली तर दर दोन महिन्यांना एकाहून जास्त.

माणूस नुसता प्रयोगशाळेत कोंडून घेणारा नव्हता. त्याला नाटकाची आवड होती, घोडेस्वारीची आवड होती, आणि हौशी वैमानिकाचा परवाना काढून तो छोटी विमानंही उडवायचा. घरी डोरीन आणि दोन मुलं होती.

७ जून १९४२

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ईएमआयची प्रयोगशाळा रडारच्या कामाला जुंपली गेली. ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांची मोठी अडचण म्हणजे रात्रीच्या अंधारात किंवा ढगांवरून उडताना खालचं शहर दिसायचं नाही. यावर उपाय म्हणून एक रडार तयार होत होतं, सांकेतिक नाव एच-टू-एस. विमानाच्या पोटाखालून लहरी सोडायच्या आणि खालच्या जमिनीचा नकाशा पडद्यावर बघायचा.

ब्लमलाइन या कामात होता. प्रयोगशाळेत बसूनही त्याला हे करता आलं असतं. पण यंत्र प्रत्यक्ष विमानात कसं चालतं ते बघायला तो स्वतः जायचा.

७ जून १९४२, रविवार. इंग्लंडच्या डेफर्ड विमानतळावरून एका हॅलिफॅक्स विमानानं चाचणीसाठी उड्डाण केलं. विमानात एच-टू-एस बसवलेलं होतं. ब्लमलाइनसोबत ईएमआयचे त्याचे दोन सहकारी होते, सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायथेन. शिवाय रडारवरचे इतर तज्ज्ञ आणि हवाई दलाचे लोक. एकूण ११ जण.

वाटेत उजवीकडच्या बाहेरच्या इंजिनाला आग लागली. ती विझली नाही. विमान हेरफर्डशायरमधल्या वेल्श बिकनर गावाजवळ कोसळलं. कुणीही वाचलं नाही.

चौकशीत कारण निघालं ते फारच क्षुल्लक. इंजिनाची तपासणी करताना झडपेच्या यंत्रणेतला एक नट नीट आवळला गेला नव्हता. उडताना तो सैल होत गेला, झडप निकामी झाली आणि आग भडकली.

ब्लमलाइनला अजून ३९ वं वर्षही पूर्ण व्हायचं होतं. वाढदिवसाला तीन आठवडे बाकी होते.

मृत्यूचीही गुप्तता

रडार गुप्त होतं, म्हणून अपघातही गुप्त ठेवण्यात आला. इतके महत्त्वाचे शास्त्रज्ञ एकाच वेळी गेले हे शत्रूला कळू द्यायचं नव्हतं. त्यामुळे अशा माणसाच्या जाण्यावर जे लेख यायला हवे होते, ते आले नाहीत. घरच्यांनी दुःख गप्प राहूनच सोसलं.

काम मात्र थांबलं नाही. जानेवारी १९४३ च्या अखेरीस एच-टू-एस लावलेल्या विमानांनी पहिली मोहीम केली. युद्ध संपेपर्यंत हे रडार वापरात राहिलं.

युद्धानंतरही ब्लमलाइनचं नाव मागेच राहिलं. त्याचं बरंचसं काम सरकारी गुप्ततेच्या कुलुपात होतं. सविस्तर चरित्रं यायला १९९९ साल उजाडावं लागलं, म्हणजे जाऊन ५७ वर्षं झाल्यावर.

आणि मग घराघरात स्टिरिओ आला

१९५० च्या दशकात चित्र बदललं. विनायलची एलपी आली होती, खरखर कमी झाली होती, लोकांच्या हातात पैसा खेळू लागला होता. हाय-फाय हा शब्द हौशी लोकांच्या तोंडी बसला होता. ईएमआयनं १९५५ मध्ये स्टिरिओ टेप विकायला काढल्या. पण टेपचं यंत्र महाग, ते मोजक्याच घरांत पोचलं.

१९५७ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट्रेक्स कंपनीनं एका खाचेत दोन आवाज कोरणारं यंत्र दाखवलं. प्रत्येक भिंत ४५ अंशांत, प्रत्येक भिंतीवर एक आवाज. रेकॉर्ड कंपन्यांनी हीच पद्धत सगळ्यांसाठी मान्य केली आणि १९५८ पासून स्टिरिओ एलपी दुकानात मिळू लागल्या.

२६ वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश पेटंटमध्ये तीच मांडणी लिहिलेली होती. पण पेटंटची मुदत तोवर संपून गेलेली. जगातल्या प्रत्येक स्टिरिओ रेकॉर्डमागे जे पैसे मिळू शकले असते, ते कुणालाच मिळाले नाहीत. गंमत बघा. ज्या माणसाची पहिली कामगिरी प्रत्येक रेकॉर्डमागे जाणारे पैसे वाचवण्याची होती, त्याच्या सर्वांत मोठ्या शोधावर मात्र जगानं फुकटात धंदा केला.

गाणी विकत घेण्याची रीतच त्यानंतर बदलली. एका स्पीकरवाल्या घरांना दुसरा स्पीकर घ्यावा लागला. एकच रेकॉर्ड मोनो आणि स्टिरिओ अशा दोन प्रतींत येऊ लागली आणि स्टिरिओची प्रत महाग असायची. दुकानात उभं राहून कुठली घ्यायची हा नवा पेच आला. १९६० चं दशक संपता संपता अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी मोनो एलपी जवळजवळ बंद केल्या.

आपल्याकडे या अनुभवाची आठवण निघते ती बहुतेक वेळा १९७५ च्या शोलेमुळे. ७० एमएमचा पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज. मुंबईच्या मिनर्व्हात घोड्यांच्या टापा पडद्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना ज्यांनी ऐकल्या, ते अजून ते वर्णन करतात. १९३१ मध्ये एका तरुणाला सिनेमागृहात जे खटकलं होतं, त्याचंच हे उत्तर होतं.

उशिरा का होईना

१९७७ मध्ये लंडनच्या ईलिंग भागातल्या ब्लमलाइनच्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली. २०१५ मध्ये अ‍ॅबे रोड स्टुडिओत त्याच्या स्टिरिओच्या शोधाची दखल घेणारी पाटी बसवण्यात आली. २०१७ मध्ये त्याला मरणोत्तर टेक्निकल ग्रॅमी देण्यात आली, अ‍ॅबे रोडवरच्या त्या रेकॉर्डिंगनंतर ८३ वर्षांनी.

आज रेकॉर्ड पुन्हा फॅशनमध्ये आल्या आहेत. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या एलपी चाळणारी तरुण मुलं दिसतात. कुणी महागडे स्पीकर घेतं, कुणी मोबाइलवरच ऐकतं. साधन कुठलंही असो, डावा आणि उजवा हे दोन आवाज सगळीकडे आहेत.

पुढच्या वेळी गाणं ऐकताना डोळे मिटून बघा. दोन स्पीकरच्या मध्ये, जिथे खरं तर काहीच नाही, तिथे कुणीतरी उभं राहून गात असेल. त्या रिकाम्या जागेत गायकाला उभं करण्याचं गणित अ‍ॅलन ब्लमलाइननं मांडलं होतं.